बिनआवाजाच्या घंट्या

आमच्या सासूबाईंचा कुणावरही विश्वास नाही, आणि हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. काही घरांत सासूला मधुमेह असतो, काही घरांत गुडघेदुखी. आमच्या घरात संशय आहे. पेपरवाल्याने दार वाजवलं नाही तर का वाजवलं नाही, आणि वाजवलं तर नेमकं आजच का वाजवलं. मी लग्न होऊन आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला विचारलं होतं, की तू एवढी गोड का वागतेस. स्वभावच तसा आहे, असं मी म्हटलं. त्या "बघू" म्हणाल्या. अजून बघताहेत.

दोष त्यांचा नाही, नोकरीचा आहे. सगळी हयात त्यांनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून काढली. समोर भोकाभोकांचा बोर्ड, हातात वायरी, कानाला हेडफोन, आणि सगळं शहर त्या कानातून जातंय. साहेब जागेवर बसलेले असताना बाहेर गेलेत म्हणून सांगणारे कारकून, आजारी आहे म्हणून सांगणारे ठणठणीत लोक, "तुझीच आठवण काढत होते" म्हणणाऱ्या बहिणी, असं सगळं. माणूस खोटं बोलायच्या आधी एक छोटासा श्वास घेतो, हे त्यांचं आयुष्यभराचं संशोधन. त्या संशोधनापायी माझ्या नवऱ्याला शाळेत असताना गृहपाठाबाबत एकही थाप पचवता आली नाही. तो आजही खरं बोलताना श्वास रोखून धरतो.

तेव्हा सासूबाईंच्या कानांचा आमच्या घरात धाक होता. भिंतींना कान असतात म्हणतात. आमच्या भिंतींना त्याची गरज कधी पडली नाही. मी आणि नवरा दार लावून, पंखा चालू करून कुजबुजायचो, आणि सकाळी चहा ओतताना सासूबाई त्या कुजबुजीला उत्तर द्यायच्या.

एवढ्या मोठ्या जगात त्यांनी एकाच माणसावर विश्वास टाकला, त्या म्हणजे टेलरबाई. टेलरबाईंचं चौकात शिवणाचं छोटं दुकान होतं. सासूबाईंनी तिथे पडदे शिवायला टाकले होते. ठरलेल्या दिवशी गेल्या तर पडदे तयार नव्हते. दुसरं कुणी असतं तर मशीन बिघडलं, दोरा मिळाला नाही, अंगात ताप होता, असं काहीतरी सांगितलं असतं. टेलरबाईंनी मान वर केली आणि म्हणाल्या, "विसरले." श्वास न घेता. सासूबाई घरी आल्या त्या पडद्यांविना, पण अशा चेहऱ्याने की जणू हरवलेलं काही सापडलं.

त्या दोघींची सायकलफेरी मग तिथूनच सुरू झाली. आमच्या वसाहतीच्या मागून एक ओढा जातो आणि त्याच्या काठाने सायकलींसाठी, चालणाऱ्यांसाठी पायवाट केलेली आहे. पंपहाउसपाशी ती सुरू होते, घरांच्या मागच्या अंगणांच्या कडेने, वाळत घातलेल्या चादरींजवळून जाते, मोठ्या रस्त्याच्या पुलाखाली जरा अंधारात शिरते, आणि पुढे लोखंडी पादचारी पुलाशी संपते. वाटेत बाक आहेत. तिथे येणारे लोक कुठेही पोचायला येत नाहीत. त्यात आमच्या या दोघी सगळ्यांत हळू. पुढचं चाक डगमगायला लागेल, पण पडायचं तेवढं नाही, असा त्यांचा वेग. चालणारी माणसं त्यांना मागे टाकून जायची आणि त्यांना त्याचं काही वाटायचं नाही.

त्या वाटेचा एक रिवाज आहे. मागून येणाऱ्याने घंटी वाजवायची आणि पुढच्याने हात वर करून बाजूला व्हायचं. तशी कुठे पाटी नाही, दंड नाही. पण न वाजवता कुणी अंगाशी घासून गेला तर सगळी वाट त्याच्याकडे बघते, नवा दिसतोय म्हणून. या दोघींची आपसातली घंटी आणखी वेगळी होती. दोनदा लागोपाठ, जरा थांबून एकदा. मागे राहिलेली ती वाजवायची, पुढची थांबायची. काय बोलायच्या कोण जाणे. मी एकदा विचारलं तर सासूबाई म्हणाल्या, "काही नाही, तेच." आणि त्या दिवशी घरी कुणावर संशय घेतला नाही. ती फेरी चुकली की मात्र संध्याकाळी आमची सगळ्यांची उलटतपासणी ठरलेली.

मग टेलरबाईंनी दुकान बंद करायचं ठरवलं. त्यांची मुलगी दुसऱ्या शहरात असते. तिच्याकडे कायमचं राहायला जायचं ठरलं. मशीन विकलं, घर सोडायची तारीख ठरली. सासूबाईंनी ही बातमी आम्हाला अशी सांगितली की जणू पेपरात वाचली असावी. नंतर दोन दिवस त्या फेरीलाच गेल्या नाहीत. जेवढे दिवस उरलेत तेवढ्यात फिरून घेऊ, असं ठरवून दोघी पुन्हा निघायला लागल्या. आणि त्याच सुमारास ते घडलं.

टेलरबाईंची ओढणी चाकात अडकली म्हणून त्या मागे राहिल्या होत्या. सोडवून त्या वेगाने आल्या, सासूबाई वाटेच्या मधोमध, हँडलला हँडल घासलं आणि सासूबाई कडेच्या झुडपात. लागलं फारसं नाही, पण घरी आल्या त्या फणफणत. न वाजवता आली, म्हणाल्या. बरं, न वाजवता आली तर आली, वर तोंड करून म्हणते वाजवली होती. चारचौघांत. मी तिला सांगितलं, खोटं बोलू नकोस. तर डोळ्यांत पाणी आणून सायकल फिरवून निघून गेली. चोराच्या उलट्या बोंबा.

"अहो, वाजवली असेल," मी म्हटलं, "तुमचं लक्ष नसेल."

"माझं?" त्या म्हणाल्या. एवढंच. त्या कानांवर संशय घ्यायची आमच्या घरात कुणाची छाती नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून दोघी वेगवेगळ्या जायला लागल्या. वाट एकच, वेळ तीच, फक्त एक पुढे आणि एक मागे. सासूबाईंनी यावर बसून विचार केला, आणि त्या विचार करायला बसल्या की कुठेतरी पाणी मुरतंय हे निघतंच. "तिला जायचंय ना," त्या मला भाजी निवडताना म्हणाल्या, "भांडून गेलं की जाताना वाईट वाटत नाही. माणसं अशीच करतात. मी किती ऐकलीत." टेलरबाई असं करतील हे मला पटत नव्हतं. पण इतक्या वर्षांची मैत्रीण निघून चाललीय आणि या दोघी एकमेकींचं तोंड बघत नाहीत, हे मला दिसत होतं. ती गेली की परत येणार नव्हती, आणि सासूबाईंना या वयात दुसरं कुणी मिळणार नव्हतं. हे एक माणूस मिळवायला त्यांना अख्खं आयुष्य लागलं होतं.

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, दोघी म्हाताऱ्या आहेत, होईल सगळं नीट. तो फ्रिज दुरुस्त करतो. त्याला वाटतं थोडा वेळ बंद करून ठेवलं की बरेच बिघाड आपोआप सुटतात.

पण सासूबाईंचं प्रकरण वाढत गेलं. एकदा त्यांनी सांगितलं की आता एकट्या टेलरबाईच नाहीत, वाटेवरचे सगळेच न वाजवता जायला लागलेत. फितवलंय तिने. पोरंटोरंसुद्धा मागून गुपचूप येतात आणि अंगावरून सुळकन जातात. मग त्यांनी चौकशी सुरू केली. सायकल बाजूला लावून त्या वळणावरच्या बाकावर बसून राहिल्या, आणि लोकांचे अंगठे बघायला लागल्या. संध्याकाळी आल्या तेव्हा चेहरा एखाद्या गुप्त हेरासारखा. अंगठा हलतो, त्या मला म्हणाल्या. प्रत्येकाचा अंगठा घंटीवर हलतो, पण आवाज येत नाही. खोट्या घंट्या बसवल्यात. बघणाऱ्याला वाटावं वाजवली, आणि वाजत तर नाही.

"सगळ्यांनी?" मी विचारलं.

"सगळ्यांनी." श्वाससुद्धा घेतला नाही.

तेवढ्यावर न थांबता त्या सायकल दुरुस्तीच्या दुकानात गेल्या आणि दुकानदाराला धरलं, की बिनआवाजाच्या घंट्या तू विकतोस का. तो बिचारा गोंधळला. त्याने भिंतीवरची एक घंटी काढून त्यांच्या नाकासमोर धरली आणि वाजवून दाखवली. परत वाजवून दाखवली. हसलाही असेल थोडा. सासूबाई माझ्याकडे येऊन म्हणाल्या, हाही सामील आहे, माझ्या तोंडावर अंगठा हलवून हसतो. तो दुकानदार मला नंतर भेटला तेव्हा त्याने हळूच विचारलं, आजींची तब्येत बरी आहे ना.

मला तरी ती बरी वाटत नव्हती. मी नवऱ्याला त्या रात्री स्पष्ट सांगितलं, की आईंचं डोकं ठिकाणावर राहिलेलं नाही, डॉक्टरांना दाखवू या. कारण घंट्यांवरच थांबलं असतं तर एक वेळ ठीक. पण मधल्या काळात त्यांनी ओढ्यावरच्या पक्ष्यांबद्दलही सुरू केलं होतं. झाडांवर चिमण्या दिसतात, पण मुक्या. उद्यानवाल्यांनी काहीतरी फवारलंय, त्याने त्यांचे गळे बसलेत, असं त्यांचं म्हणणं. शिवाय आमची शिट्टीची किटली. पाणी उकळून आटलं, किटली काळी पडली, आणि सासूबाई शेजारीच बसलेल्या. शिट्टी वाजलीच नाही, म्हणाल्या, दुकानदाराने फसवलं. त्यांनी दुसरी आणायला लावली. तिची शिट्टीही त्यांच्या मते खोटी निघाली. आमचं बोलणं मात्र त्या पूर्वीसारखंच पकडायच्या. मी डॉक्टरांचं नाव काढलं तेही पलीकडच्या खोलीतून पकडलं, आणि दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. मग त्यांच्या कानांत काही असेल हे कुणाच्या मनात कसं येणार? मी साप साप म्हणून भुई धोपटत होते, आणि तेही चुकीच्या जागची.

टेलरबाईंची जायची तारीख जवळ आली. त्यांच्या घरासमोर खोकी बांधलेली दिसायला लागली. मी एकदा धाडस करून सासूबाईंना म्हटलं, की आता भेटून या, नाहीतर मन खात राहील. त्यावर त्या माझ्यावरच उखडल्या. "मी का जाऊ? ती रोज माझ्या मागून येते. रोज. हाक मारायला तोंड नाही का? घंटी नाही का? दोन बोटांच्या अंतरावरून येते आणि मुक्यासारखी निघून जाते. तुला खोटं वाटतं ना? उद्या चल माझ्याबरोबर. डोळ्यांनी बघ. मग सांग माझं डोकं ठिकाणावर आहे की नाही."

म्हणजे तेही ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत शिकवून आले, मुलांच्या चित्रकलेच्या वह्या तशाच टेबलावर टाकल्या आणि नवऱ्याची सायकल काढली. तिची सीट माझ्यासाठी इतकी उंच की थांबताना प्रत्येक वेळी झाडाचा आधार बघावा लागायचा. सासूबाई पुढे, मी मागे. ऊन उतरलं होतं, ओढ्याला थोडंच पाणी होतं, कुणीतरी अंगणात गालिचा झटकत होतं. त्या संथ जाण्यात मजा आहे, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. पाय मारलाच पाहिजे असं नाही. थोडा मारायचा आणि वाटेने नेईल तसं जायचं. या दोघी इथे इतकी वर्षं का येत होत्या, हे मला कुणी सांगायची गरज राहिली नाही. सासूबाईंची मान मात्र लाकडासारखी ताठ होती.

मोठ्या रस्त्याचा पूल मागे पडला आणि मागून घंटी आली. दोनदा लागोपाठ, जरा थांबून एकदा.

मी वळून बघितलं. टेलरबाई येत होत्या, आमच्यापासून थोड्याच अंतरावर. अंगठा घंटीवर, डोळे सासूबाईंच्या पाठीवर.

"आली का गं?" सासूबाईंनी समोर बघतच विचारलं.

"आल्या," मी म्हटलं.

परत वाजली. इतकी स्वच्छ, की आमच्या पुढे कुत्रं घेऊन चाललेला माणूस हात वर करून बाजूला झाला. सासूबाई तशाच. त्यांचा खांदासुद्धा हलला नाही. "बघ," त्या म्हणाल्या. "एक वाजवेल तर शपथ. बघ कशी येते चोरासारखी." आणि मग त्या दातओठ खात पुटपुटायला लागल्या. ढोंगी. कृतघ्न. गोड बोलून गळा कापणारी. आणखीही बरंच, जे मी इथे लिहीत नाही. त्या पुटपुटत होत्या असं त्यांना वाटत होतं. बाकावर बसलेलं एक जोडपं माना वळवून आमच्याकडे बघायला लागलं.

मागे घंटी पुन्हा वाजली. दोनदा, आणि एकदा.

चिमण्या, किटली, अंगठे, दुकानदार, सगळं एकदम माझ्यापुढे उभं राहिलं, आणि मला रडूच यायला लागलं, कारण या बाईला वेडी ठरवून मी डॉक्टर शोधत होते आणि तिचे फक्त बारीक, टोकदार आवाज गेले होते. माणसांचं बोलणं उरलं होतं, म्हणून कुणाला पत्ता लागला नाही. त्यांनाही नाही. ज्या कानांनी शहराचं सगळं खोटं पकडलं, त्यांनीच त्यांना फसवलं होतं.

मी पुढे जाऊन सायकल आडवी घालून उतरले, जवळजवळ पडलेच. सासूबाईंना थांबावंच लागलं.

"आई," मी म्हटलं, "त्या वाजवताहेत."

"कोण?"

"टेलरबाई. पुलापासून वाजवताहेत. तुमचीच घंटी."

त्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या, खोटं पकडायला बसल्यासारख्या. पकडायला काही नव्हतं. तोवर टेलरबाई पोचल्या होत्या. त्या एक पाय जमिनीवर टेकून थांबल्या. बोलणं त्यांनी आमच्यावर सोडलं असावं.

महिनाभराने सासूबाई मैत्रिणीशी पहिला शब्द बोलल्या तो म्हणजे, "वाजव."

टेलरबाईंनी वाजवली. सासूबाईंनी अंगठा बघितला. "परत." परत वाजवली. मग सासूबाईंनी हात पुढे केला आणि एक बोट त्या घंटीच्या वाटीवर टेकवलं. टेलरबाईंनी अंगठा दाबला. बोटाखाली पत्रा थरथरला असावा, कारण सासूबाईंनी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

त्या बाकावर जाऊन बसल्या. त्यांचं तोंड एकदम लहान दिसायला लागलं. मी त्यांना इतकी वर्षं पाहतेय, पण घाबरलेलं तेव्हाच पाहिलं.

"किती दिवस वाजवतेयस?" त्यांनी विचारलं.

"रोज," टेलरबाई म्हणाल्या. त्याही शेजारी येऊन बसल्या. "त्या दिवशीसुद्धा वाजवली होती. नंतर रोज. मला वाटलं, ऐकून न ऐकल्यासारखं करतेयस. मी जातेय म्हणून रागावलीस. म्हणून भांडण उकरून काढलंस, जाणारीचं तोंड बघावं लागू नये म्हणून."

"मी?" सासूबाई म्हणाल्या. "तू माझ्यावर संशय घेतलास?"

"मग काय करू? तुझे कान गेले असतील, असं माझ्या मनात तरी कसं यावं? उद्या कुणी सांगितलं ओढा उलटा वाहतोय, तर मी आधी ते खरं मानीन."

कुत्र्यावाला माणूस परत फिरून गेला, एक मुलगी घंटी वाजवत गेली. टेलरबाईंनी तिच्यासाठी सासूबाईंचे पाय हलकेच मागे ओढले. पायांना हात लागला तेव्हा सासूबाईंना कळलं की काहीतरी गेलं.

"आणि मी तुला रोज शिव्या घातल्या," त्या म्हणाल्या. "रोज. पंपहाउसपासून लोखंडी पुलापर्यंत. मनातल्या मनात."

"मनातल्या मनात?" टेलरबाईंना हसू आलं, आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले. "अगं, सगळी वाट ऐकत होती."

"तूसुद्धा?"

"सगळ्यांत जवळ तर मीच होते."

"तरी वाजवत होतीस?"

"परक्या बाईला कुणी रोज एवढ्या शिव्या घालत नाही," टेलरबाई म्हणाल्या. "म्हटलं, अजून माझीच आहे."